चार बारांचा मळ

मोडीत निघालेली बंदूकसुद्धा कापायच्या आधी साफ करायची, असा त्या कारखान्यातला रिवाज होता. कागदावर कुठे लिहिलेला नव्हता. मिस्त्रीच्या आधी जो म्हातारा मिस्त्री होता त्यानं तो घालून दिला होता. "जाताना तरी अंघोळ नको का तिला?" असं म्हातारा म्हणायचा, आणि त्याचा शब्द त्याच्यामागेही कुणी मोडला नाही. त्यामुळे सोमवारी सकाळी चौकशीवाल्यांकडून एक बंदूक गोणपाटात गुंडाळून परत आली आणि शनिवारी गॅसकटरवाला येऊन तिचे तुकडे करणार असं ठरलं, तेव्हा ती आधी मिस्त्रीच्या टेबलावर येणं ओघानंच आलं.

दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेली असती तर बरं झालं असतं. पण दुसरं टेबलच नव्हतं.

कारखाना कसला, एक लांबलचक पत्र्याची शेड. डोंगरातल्या चौक्यांवर जे रक्षक असत, त्यांच्या बंदुका दुरुस्तीला आणि तपासणीला इथे येत. शेडच्या एका टोकाला विटांचा अरुंद बोगदा आणि त्याच्या शेवटी वाळूची पोती. तिथे बार काढून बघायचे. दुसऱ्या टोकाला कोठी. तिला लोखंडी दार आणि दोन कुलुपं, एकाची किल्ली मिस्त्रीकडे आणि दुसऱ्याची कोठीवाल्या बाईंकडे. दोघं हजर असल्याशिवाय ते दार उघडत नसे. मधे मिस्त्रीचं टेबल, लोखंडी पकड, तेलाच्या बाटल्या, आणि भिंतीवर चिंध्यांची फळी.

ही फळी म्हणजे मिस्त्रीची पोथी होती म्हणा ना. बंदुकीची नळी पुसायची ती गजाच्या टोकाला पांढरी चिंधी लावून. पुसून निघालेली चिंधी इतर लोक फेकून देतात. मिस्त्री ती खिळ्याला टांगायचा. एक बार काढल्यावरची चिंधी, दोन बारांची, तीन बारांची, अशी थेट वीसपर्यंत एक ओळ. दारू बदलली की नवी ओळ, वंगण बदललं की आणखी एक. वैद्य जीभ बघून पोटातलं सांगतो, तसा हा चिंधी बघून, हुंगून, बोटांत चोळून सांगायचा: अमुक दारू, तमुक तेल, इतके बार. चूक व्हायची नाही.

"आयुष्यात थेंब घेतला नाही," कोठीवाल्या बाई नव्या माणसाला हमखास सांगायच्या, "पण दारूतलं आमच्या मिस्त्रींइतकं कुणाला कळत नाही!" आणि मिस्त्रीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

सोमवारी तो हसला नाही. गोणपाट सोडलं, दस्त्यावरचा नंबर बघितला आणि खुर्ची ओढून बसला. बंदूक त्याच्या धाकट्या भावाची होती.

गेल्या थंडीतली गोष्ट. धाकटा आणि त्याचे तीन सोबती खिंडीतून चौकीकडे परतत असताना धुकं उतरलं. धुक्यात काहीतरी त्यांच्या मागं लागलं. काय, ते तिघांपैकी एकालाही धड सांगता आलं नाही. "जनावर असेल," असं ते म्हणत, आणि म्हणताना जमिनीकडे बघत. धाकट्यानं त्यांना पुढे पळवलं आणि स्वतः खिंडीच्या तोंडाशी थांबला. तिघांना पाठीमागे चार बार ऐकू आले. पाचवा नाही आला. दुसऱ्या दिवशी माणसं गेली तेव्हा खडकावर बंदूक सापडली, पाचवं काडतूस अर्ध्यात अडकलेलं, ते आत ढकलणारा बोल्ट ना पुढे ना मागे. धाकटा सापडला नाही. रक्तही नाही, चपलेचा तुकडाही नाही.

चौकशीवाल्यांनी "कारण निश्चित नाही" असा शेरा मारला. कारण एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो गप्प बसला होता.

त्या वर्षी काडतुसांत नवी दारू आली होती, मोहरीसारख्या गोल दाण्यांची. ताकद चांगली, पण मागे कडक खरपुडी सोडायची. त्याच सुमारास दमट हवेनं बंदुका गंजताहेत अशी चौक्यांवरून ओरड सुरू झाली. म्हणून मिस्त्रीनं नेहमीचं पातळ तेल बंद करून मेण घातलेलं जाड वंगण काढलं आणि बोल्टला, काडतूस बसतं त्या घराला, सगळीकडे सढळ हातानं चोपडलं. गंज थांबला. बोगद्यात त्यानं स्वतः वीस बार काढून पाहिले, एकदाही अडलं नाही. पण ते पाहिलं कधी? भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली! डोंगरातल्या थंडीत त्या वंगणाचा डिंक होईल, तो डिंक खरपुडी धरून ठेवील आणि चार बारांत घर आवळून जाईल, हे शिकाऊ माणसालाही सुचलं असतं. त्याला सुचलं नाही. बातमी आली त्या आठवड्यात त्यानं वंगणाचे सगळे डबे खड्ड्यात पुरले, आणि तेव्हापासून भावजयीच्या नजरेला नजर द्यायची टाळत होता.

ती विचारायची. टोचून नाही, साधंच. "दादा, बंदुकीनं दगा दिला का हो त्यांना?" आणि हा म्हणायचा, "बघतो, चौकशी चालू आहे."

तर सोमवारी बोल्ट अर्ध्यातच अडकलेला होता. लाकडी हातोडीनं तीन-चार ठोके दिल्यावर सुटला. मिस्त्रीनं गजाला चिंधी लावली, नळीतून घातली आणि बाहेर काढली. चिंधी काळी आणि ओली होती.

वर्षापूर्वीचा मळ वाळून खडखडीत व्हायला हवा, त्यात गंजाची तांबूस कड दिसायला हवी. हा मऊ होता. मिस्त्रीनं मनाशी म्हटलं, चौकशीवाल्यांनी चालवून बघितली असेल. नळी लख्ख केली, घरातलं जाड वंगण काडीनं खरवडून काढलं, बंदूक कोठीत ठेवली. दोन्ही कुलुपं लागली.

साफ केलेली बंदूक दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पुसावी लागते, कारण लोखंडाला मागाहून घाम सुटतो. म्हणून मंगळवारी त्यानं ती परत काढली.

बोल्ट अर्ध्यात अडकलेला होता.

चिंधी काळी, ओली. त्यानं ती फळीवरच्या ओळीशी लावून पाहिली. तीन बारांच्या चिंधीपेक्षा गडद, पाच बारांच्या चिंधीपेक्षा फिकी. गोल दाण्यांची दारू, चार बार. आणि बोटाला लागलं ते मेणाचं वंगण, कालच त्यानं आपल्या हातानं खरवडलेलं, ज्याचा एकही डबा आता जमिनीच्या वर नव्हता.

"बाई," त्यानं विचारलं, "काल माझ्यामागे कोठी उघडली होती का?"

"तुमच्या किल्लीशिवाय? मी काय भिंतीतून जाते?" बाई हसत म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "काय झालं?"

त्यानं सांगितलं नाही. सांगणार तरी काय? नळी पुन्हा साफ केली, बोल्ट बंद करून त्याच्यावर सुतळीचे सहा वेढे घेतले, गाठीवर लाख ओतली, ऊन लाखेवर आपला अंगठा दाबला आणि बाईंनाही दाबायला लावला. बाईंनी फुंकर मारत अंगठा चोळला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मोडीतल्या बंदुकीचा एवढा बंदोबस्त? पळून जाणार आहे का ती?"

बुधवारी दोघांनी मिळून कोठी उघडली. सुतळी जशीच्या तशी होती. लाखेवर दोन अंगठे, एक रुंद, एक निमुळता. मिस्त्रीनं नळीला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"लावून बघा," तो म्हणाला.

बाईंनी हात लावला. नळी कोमट होती. चहा संपल्यावर कप जेवढा कोमट राहतो, तेवढीच.

सुतळी कापली. आत बोल्ट अर्ध्यात आला नव्हता, येणं शक्यच नव्हतं; पण ओढायला गेलं तर जागचा हलेना. ठोकून उघडला. चार बारांचा मळ, मेणाचं वंगण. त्या जाड थरावर काडतुसाच्या पितळी कडेचा ताजा गोल ओरखडा होता. कुणीतरी पाचवं काडतूस जिवाच्या आकांतानं आत रेटलं होतं, आणि ते गेलं नव्हतं.

बाई दोन पावलं मागे सरल्या. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या, तेही अगदी हळू.

मिस्त्री मात्र जागचा हलला नाही. त्याला भीती वाटली का? वाटली की! पण भीतीच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, आणि ते इतकं मोठं होतं की भीतीला उभं राहायला जागा उरली नाही. ही बंदूक कुठेतरी चालत होती. रोज. कुठेतरी धुकं होतं, खिंड होती, आणि धाकटा रोज चार बार काढत होता आणि रोज पाचव्याला अडत होता. का, कसं, ते कळायला मिस्त्री काही ज्ञानी नव्हता. पण बंदुकीला कुठलं वंगण लावायचं हे त्याला कळत होतं. आणि बंदूक त्याच्या टेबलावर होती.

त्यानं बाह्या सरसावल्या.

त्या दिवशी तो जेवला नाही. बोल्ट सुटा केला, स्प्रिंग काढली, सगळं रॉकेलमध्ये बुडवलं. काडतुसाचं घर कापसानं, मग कोरड्या चिंधीनं, मग आणखी एका कोरड्या चिंधीनं पुसलं, शेवटची चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत. घराला वंगणाचा कणही लावला नाही. बोल्टला फक्त जुनं पातळ तेल, दोन थेंब, तेही पुसून घेतले. थंडीत वंगण जितकं कमी तितकं बरं. एवढंसं शहाणपण, आणि ते यायला वर्ष लागलं होतं.

"चालव आता," तो बंदुकीला म्हणाला. बंदुकीलाच म्हणाला का, ते त्याचं त्याला ठाऊक.

गुरुवारी सकाळी कोठीचं दार उघडताना त्याची किल्ली दोनदा खाली पडली. बाईंनी उचलून दिली, चेष्टा केली नाही.

बोल्ट एका बोटानं उघडला.

नळी गरम होती. कोमट नव्हे, गरम. चिंधी घातली, ती काळीकुट्ट निघाली. मिस्त्री ती फळीपाशी घेऊन गेला. पाचाच्या चिंधीशी धरली, पुढे सरकला. आठ. बारा. सोळा. ओळीच्या शेवटच्या खिळ्यापाशी थांबला आणि तिथेच स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला.

"किती?" बाईंनी विचारलं.

"वीस. सगळी वीस. कमरेला काडतुसं वीसच असतात त्यांच्या."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे सुटले?"

"अडले नाहीत," मिस्त्री म्हणाला. "तेवढंच मला वाचता येतं."

दुपारी तो भावजयीच्या घरी गेला. ती गणवेश शिवायची. खोलीभर कापडाचे तुकडे, खिडकीशी मशीन. कारखान्याला लागणाऱ्या पांढऱ्या चिंध्या तिच्याच कातरणातून यायच्या. तिनं पाय थांबवला. मिस्त्री उभ्या-उभ्याच बोलला, बसलो तर धीर सुटेल म्हणून. आधी वंगणाचं सांगितलं. दारू बदलली ते, मेण घातलं ते, दुपारच्या उन्हात तपासलं ते. मग सोमवारपासूनचं सांगितलं.

"वर्षभर विचारतेय मी तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"एकदा सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" तिचा आवाज फाटला. "मला वाटायचं, त्यांचाच हात थरथरला असेल. घाबरून काडतूस वाकडं घातलं असेल. वर्षभर मी त्यांना भित्रा समजत होते, दादा."

मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. तिनं डोळे पुसले, मशीनवर कापड झाकलं आणि म्हणाली, "उद्या मला बंदूक दाखवा."

शुक्रवारी कोठीसमोर तिघं होती. मिस्त्रीच्या मनात एकच धास्ती होती. वीस संपली. आज चिंधी कोरी निघाली तर?

कोरी नाही निघाली.

पण ती काळीही नव्हती. करडी होती, खरखरीत, राखेसारखी, आणि तिला सडक्या अंड्याचा वास येत होता. मिस्त्रीनं हुंगली, पुन्हा हुंगली. दुसरी चिंधी तेलात भिजवून घातली, मळ हलेना. त्याला म्हाताऱ्या मिस्त्रीनं एकदा सांगितलेलं आठवलं. त्यानं किटलीतलं गरम पाणी नळीत ओतलं. पाणी दुसऱ्या टोकानं शाईसारखं काळं वाहिलं आणि नळी मोकळी झाली.

"ही गंधकाची दारू," तो म्हणाला. "कोळशाची. ही बंदूक जन्माला यायच्या आधीच बंद पडली होती ती. आपल्याकडे कुणाकडेच नाही. कुणाकडेच."

"मग?" भावजयीनं विचारलं.

मिस्त्री काडतुसाच्या घरात बोट फिरवत होता. तिथे वंगण होतं. त्यानं लावलेलं नव्हे. चरबी आणि मधमाशीचं मेण, नेमक्या मापात, अगदी पातळ थर. कोळशाच्या दारूचा मळ मऊ ठेवायला याहून चांगलं वंगण नाही. जुन्या लोकांना ते माहीत होतं. हात इतका सफाईदार होता की कडेला एक ठिपकासुद्धा सांडलेला नव्हता. मिस्त्रीला स्वतःला असं जमलं नसतं. त्यानं बोट बाजूला घेतलं आणि नकळत हात जोडले.

"त्याची काडतुसं संपली," तो म्हणाला. "आणि कुणीतरी त्याला दुसरी दिली. वंगणही लावून दिलं. ज्यानं लावलं त्याला काम येतं."

"कुणी?"

"मला नाही माहीत."

"ते जिवंत आहेत का, दादा?"

"तेही मला सांगता येत नाही, बाळ. बंदूक चालतेय."

भावजयीनं नळीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. ऊब असेपर्यंत तिनं तो उचलला नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "उद्या कापणार आहेत ना हिला?"

शनिवार दुसऱ्याच दिवशी होता.

मिस्त्री तडक साहेबांच्या खोलीत गेला. जाताना वाटेत त्यानं ठरवलं होतं की खरं तेवढंच सांगायचं, आणि त्यातलंही जे कागदावर उतरेल तेवढंच. कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानंच लिहिलं: गेल्या थंडीतला अपघात माझ्या हातच्या वंगणामुळे झाला. मी चुकीच्या हवेत तपासणी केली. मी हे लपवलं. सदर बंदूक पुरावा म्हणून राखून ठेवावी.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का? प्रकरण मिटलंय. हिला उद्या कापू, तुमची तीन वर्षांनी निवृत्ती. कशाला उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

"मिटलेलं उघडायचंय, साहेब."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. बंदूक राहिली पाहिजे."

चौकशी पुन्हा सुरू झाली. पुरावा कापता येत नाही, तेव्हा गॅसकटरवाला शनिवारी आला तसा परत गेला. मिस्त्रीला त्याच दिवशी घरी बसवलं. आपली किल्ली बाईंच्या हवाली करताना त्यानं त्यांना टेबलापाशी नेलं, गज कसा धरायचा, चिंधी कशी बसवायची, गरम पाणी किती ओतायचं, ते सगळं दाखवलं. बाई नाकं मुरडत शिकल्या, पण पहिल्याच फेरीत नीट शिकल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी घरी जाता जाता बाई त्याच्या दाराशी थांबायच्या. "करडी," म्हणायच्या आणि पुढे जायच्या. कधी "करडी, खूप." भावजय तिथेच बसलेली असायची. ऐकायची, मान हलवायची आणि उठून आपल्या कामाला लागायची. मिस्त्रीची आणि तिची आता नजरानजर होत होती.

नवव्या दिवशी बाई भर दुपारीच आल्या. उन्हातून भराभर चालत आल्या होत्या, तरी पदरानं हात झाकून घेतले होते, थंडी वाजत असल्यासारखे. पायरीवर बसल्या. भावजयीनं पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"काय झालं? अडली का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही. ती छान चालतेय."

"मग?"

"आज मी कोठी झाडत होते," बाई म्हणाल्या. "मांडणीवरच्या बाकीच्या बंदुका आहेत ना, एकेचाळीस. त्यातल्या एकीला चुकून हात लागला. म्हणून मग सगळ्यांना लावून पाहिला."

त्या थांबल्या.

"सगळ्या गरम आहेत, मिस्त्री. एकूण एक." बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यांना कुठलं वंगण लावू ते सांगा."